पाटावरची साक्ष

विमा कंपनीचा सर्व्हेअर आमच्या अपघातात गेलेल्या गाडीची चौकशी करायला घरी आला, तेव्हा मी त्याला त्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. आल्याचा चहा दिला, खोबऱ्याची वडी दिली आणि विचारलं, "बसायला बरं आहे ना?"

"झकास आहे," तो म्हणाला. "स्प्रिंगचा दिसतोय सोफा."

"सोफा कसला? गाडीची सीट आहे ती," मी म्हणाले. अभिमानाने म्हणाले, हे सांगायला हवं.

तेव्हा मी पस्तिशीची होते. बी.ए. झालेली, मुलुंडच्या आमच्या इमारतीत गाडी चालवणारी एकटी बाई. आपल्याइतकं डोकं अख्ख्या उपनगरात कुणाला नाही, अशी माझी पक्की समजूत. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी तिच्या तोंडात अख्खी खोबऱ्याची वडी कोंबेन, म्हणजे निदान ती वडी संपेपर्यंत बोलायची नाही. तिच्या मूर्खपणावर मी आता नातवंडांबरोबर हसते. पण तिला त्या वर्षी जो राग आला होता, तो मात्र मी अजून सोडलेला नाही. तो राग खरा होता.

झालं असं की आमचे हे बोटीवर, इंजिनखात्यात. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. एका सुट्टीत ओळखीतून एक जुनी पेट्रोलची गाडी घेतली, पिस्ता रंगाची, आणि आठवड्याभरात स्वतः बोटीवर निघून गेले. गाडी खाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवली. तिच्याखाली मांजर व्यायलं. मला ते बघवेना, म्हणून मी ड्रायव्हिंग शिकायचं ठरवलं.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या मोरीत बांगडे साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाईमाणूस गाडी हाकतला?"

"हो, आई."

"माका बोरिवलीक नेशीत?"

बोरिवलीला त्यांची एकुलती एक लेक, माझी नणंद. मुलुंडहून बोरिवली म्हणजे नकाशात टेकडीपलीकडे. पण जायचं तर आधी दादरपर्यंत खाली उतरायचं आणि दुसऱ्या बाजूने तेवढंच पुन्हा वर यायचं. सासूबाईंच्या गुडघ्यांनी स्टेशनचे जिने कधीच सोडले होते. लेकीची भेट गणपतीत नाहीतर कुणाच्या लग्नात. मी म्हटलं, "नेईन की."

"मग शिक," त्या म्हणाल्या आणि बांगड्याचं डोकं उडवलं.

मी शिकले. दर गुरुवारी आम्ही पवईवरून आरे कॉलनीतल्या जंगलाच्या रस्त्याने पलीकडे उतरायचो आणि बोरिवलीला जायचो. सासूबाई डब्यात काहीतरी घेऊन यायच्या, लेकीकडे पोटभर बोलायच्या आणि येताना गाडीत झोपायच्या. त्या वर्षभरात त्यांचं बीपी उतरलं, हे माझं मत. डॉक्टरांचं वेगळं होतं.

मग हे सुट्टीवर आले. स्वतः चार दिवस गाडी चालवली आणि म्हणाले, "ही पेट्रोल पिते की सांडते? अगं, एवढ्यात आपण टॅक्सीने फिरू. मी पुढच्या खेपेला येईपर्यंत हिची तहान कमी झाली नाही, तर मी ही विकणार."

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. रात्री जेवताना मला म्हणाल्या, "विकूक देव नको."

आता त्या काळात रेडिओवर एकसारखं सांगायचे, पेट्रोल जपून वापरा. टायरात हवा नीट ठेवा, गाडीत नको ते ओझं वाहू नका, उभ्या गाडीचं इंजिन बंद करा. सरकारचं बोलणं इतकं मनावर घेणारी बाई देशात दुसरी झाली नसेल. मी सुरुवात टपावरच्या कॅरियरपासून केली. तो काढला. मग स्टेपनी, जॅक, हत्यारांची पेटी. पंक्चर झालं तर काय, असं शेजारच्या काकांनी विचारलं. मी म्हटलं, "तेव्हाचं तेव्हा." मग आरशात बघताना मला मागची सीट दिसली. केवढं धूड. चार बोल्ट काढले की झालं. मी आणि इमारतीच्या वॉचमनने मिळून ती तीन मजले वर चढवली, हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवली, वर चादर घातली. आम्हाला फुकटात दिवाण मिळाला.

तरी माझं समाधान होईना. मागचा बंपर जड पोलादाचा, तोही काढला. तो गॅलरीत दोन खुंट्यांवर टांगला, त्यावर सासूबाईंची नऊवारी छान वाळायची. चाकांच्या चकचकीत टोप्या काढल्या, त्यात आमसुलं सुकवली. घाटकोपरच्या एका मेकॅनिककडून कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक बारीक करून घेतलं. तेव्हापासून गाडी चढावर म्हाताऱ्यासारखी खोकायची, पण पेट्रोल कमी प्यायची. टायरात इतकी हवा भरायचे की खड्ड्यात गेलं की दात वाजायचे. आणि उतार लागला की इंजिन बंद. चावी फिरवायची, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि आरेच्या उतारावरून आम्ही घसरगुंडीवरून घसरल्यासारख्या खाली. इंजिन बंद झालं की जंगलातल्या पाखरांचा आवाज यायचा. मला वाटायचं, मी उडतेय. आज नातवाला मी तसं करू देणार नाही, पण तेव्हा वाटायचं.

सासूबाई कुठे बसायच्या? पुढे त्या बसायच्याच नाहीत. पुढे बसलं की समोरची सगळी वाहनं अंगावर येतात, असं त्यांचं म्हणणं. सीट काढल्यावर मी मागे जमिनीवर सतरंजी घातली आणि त्यावर जेवायचा पाट ठेवला. त्या माझ्या सीटच्या पाठीला पाठ लावून, पाय मागे डिकीच्या दिशेला पसरून बसायच्या. म्हणजे माझं तोंड पुढे आणि त्यांचं मागे. मागच्या काचेतून त्यांना सगळा रस्ता दिसायचा आणि त्या मला बातम्या द्यायच्या.

"मागसून बस येता गो. डायवर जांभया देता."

"येऊ दे, आई."

"स्कुटरवालो आसा. बायको पाठी बसली हा, रुसली हा."

माझ्या आरशापेक्षा त्या बऱ्या होत्या. आरसा कुणाची बायको रुसली हे सांगत नाही.

लिटरमागे तीन-चार किलोमीटर वाढले. ह्यांच्यापुढे काय तोऱ्यात सांगायचं, ह्याची भाषणं मी भांडी घासताना म्हणून बघायचे.

तो गुरुवार श्रावणातला होता, पण पाऊस नव्हता. आरेच्या उतारावर नेहमीप्रमाणे चावी बंद. वळणापलीकडे गोठ्यातल्या म्हशींचा कळप रस्ता ओलांडत होता. आरेमध्ये म्हशींचा मान पहिला, तिथे वाहनं थांबतात. मीही ब्रेक दाबला. उजवा हात बाहेर काढून नीट वर-खाली हलवला, शिकवलं होतं तसा. गाडी थांबली. शेवटची म्हैस रस्त्याच्या मध्येच उभी राहून विचार करत होती.

"मागसून गवताचो टेम्पो येता," सासूबाई म्हणाल्या. मग एकदम, "गो, ह्यो थांबणा नाय."

पुढचा मला आवाजच आठवतो. हिरवं गवत माझ्या मांडीवर येऊन पडलं, इतकं आठवतं. गाडी पुढे ढकलली गेली, म्हैस आयुष्यात पहिल्यांदा पळाली. डिकी आत आली होती. नुसती चेपली नव्हती, जिथे मागची सीट असायची तिथपर्यंत पत्रा आला होता आणि सासूबाईंच्या तळपायांपासून वीतभर अंतरावर थांबला होता. त्यांची पाठ माझ्या सीटला होती म्हणून त्या जागच्या हलल्या नाहीत. खरचटलंही नाही. पाट मात्र मधोमध उकलला.

टेम्पोवाल्याने टेम्पो मागे घेतला, गवताचे दोन भारे टाकून वळसा घातला आणि निघून गेला. मी गाडीतून उतरेपर्यंत वळणापार. नंबर मी घेतला नाही. कारण मी त्या वेळी "आई, आई" करत मागचं दार ओढत होते आणि ते उघडत नव्हतं.

गाडी दोरीने ओढून कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने बघितलं आणि म्हणाला, "बनेगी ताई, मगर खर्चा है. विम्याचे पैसे मिळाले तर उभी करतो, नाहीतर भंगार." तेव्हा कुठे मला कळलं की आता सगळं विम्यावर आहे. विमा मिळाला तर गाडी उभी राहील आणि गुरुवार राहील. नाही मिळाला तर ह्यांना विकायचीही तसदी नको.

असा तो सर्व्हेअर आला. सोज्वळ माणूस, कपाळाला गंध, हातात पिशवी. मला वाटलं, ह्याला सगळं नीट समजावून सांगितलं पाहिजे. एवढं कौतुकाने ऐकणारं माणूस मला पूर्वी कधी भेटलं नव्हतं.

"मागची सीट घरात कशी, ताई?"

मी सांगितलं.

"वा. म्हणजे तुम्ही बराच अभ्यास केलाय. आणखी काय काय केलंत?"

मी त्याला गॅलरीत नेलं. बंपरवर सासूबाईंचं हिरवं लुगडं वाळत होतं. मी ते बाजूला करून दाखवलं. टोप्यांमधली आमसुलं दाखवली, त्याला दोन चाखायलाही दिली. कार्बोरेटरचं सांगितलं. टायरचं सांगितलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे डोळे वटारत होत्या आणि मला वाटत होतं, दुसऱ्या चहाचं आधण उकळतंय म्हणून खुणावतात.

"आणि त्या वेळी उतारावर इंजिन चालू होतं?"

"छे," मी म्हणाले. "उतारावर मी कधी चालू ठेवत नाही."

"चावी?"

"बंद."

त्याने ते टिपून घेतलं. "चावी बंद असली की ह्या गाडीचा मागचा ब्रेकचा दिवा लागत नाही, ताई."

"पण मी हात दाखवला होता. भर दुपारी."

"हो, हो," तो म्हणाला आणि आणखी एक वडी घेतली.

तो गेल्यावर सासूबाई बाहेर आल्या. "सगळा दाखवलंस? कपाट उघडूचा राहला."

मी म्हटलं, "आई, खरं बोलायला काय भीती? चूक त्या टेम्पोवाल्याची आहे."

"माका म्हायती आसा ती कोणाची," त्या म्हणाल्या. "तेका म्हायती आसा काय?"

पंधरवड्याने कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात बोलावणं आलं. सासूबाई म्हणाल्या, मीपण येतंय. मी म्हटलं, रिक्षात तुमचे गुडघे दुखतील. त्या म्हणाल्या, "दुखान देत. बगलंय मी, तू नाय."

आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मला सांगितलं. इतके दिवस बोलल्या नव्हत्या, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मीही नव्हतं विचारलं. मी बी.ए., मागे तोंड करून बसलेल्या बाईला मागे काय दिसलं हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

ऑफिसातला साहेब टेबलामागे, आणि त्याच्या डोक्याच्या बरोबर वर भिंतीवर मोठा रंगीत तक्ता, पेट्रोल वाचवा. खाली गाडीचं चित्र आणि बारीक अक्षरात सूचना. मी उभ्या उभ्या त्या वाचल्या. नको ते वजन काढून टाका. हवा तपासा. उभ्या गाडीचं इंजिन बंद करा.

"बसा," साहेब म्हणाला. "मॅडम, तुमच्या गाडीत तुम्ही परस्पर इतके बदल केलेत की ती आम्ही विमा उतरवलेली गाडीच राहिली नाही. बदल केले की कळवायला हवं ना?"

"सीट काढली हे कळवायचं? आमच्या घरात पाटा-वरवंटा इकडचा तिकडे केला तर मी महापालिकेला कळवते का?"

"ही चेष्टा नाही."

"मीही करत नाही. तुमच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. एकेक ओळ वाचा. ह्यातलं मी काय केलं नाही ते सांगा."

त्याने वर बघितलंसुद्धा नाही. "ते जनरल असतं, मॅडम."

हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. रेडिओवर जनरल, भिंतीवर जनरल, आणि मी केलं की बेजबाबदार. नातवाच्या गाडीत बसल्या बसल्या माझी चिडचिड होते ती उगाच नाही. त्याची गाडी सिग्नलला आपोआप बंद होते, आणि त्यासाठी शोरूमवाल्याने त्याच्याकडून जास्त पैसे घेतलेत. तो मला म्हणतो, "आजी, टेक्नॉलॉजी आहे." मी म्हणते, मेल्या, टेक्नॉलॉजी आरेच्या उतारावर मी हाताने करत होते, तेव्हा मला गुन्हेगार ठरवलं. उतारावरचं माझं चुकलंच होतं, तो भाग वेगळा. पण ते त्या साहेबाने सांगायचं नव्हतं. त्याच्या भिंतीने तरी नव्हतं.

"दिवा लागला नाही म्हणून मागच्या वाहनाला कळलं नाही," साहेब पुढे म्हणाला.

तेव्हा सासूबाईंनी टेबलावर तळहात ठेवला. "तो मेलो दोनय हातांनी तंबाखू मळी होतो. चाकार हातच नाय. मान खाली. गणपतीची रोषणाई केली आसती तरी तेका दिसली नसती."

साहेबाने पहिल्यांदा पेन उचललं. "आजी, तुम्ही हे कसं पाहिलंत?"

"माजा तोंड मागे होता."

"मागे का?"

"सीट घराक होती. मी पाटार होतंय."

साहेबाने सासूबाईंच्या तोंडचं तेवढंच लिहून घेतलं. माझ्या डोळ्यांदेखत. तंबाखू लिहिला नाही, हात लिहिले नाहीत. 'गाडीत सीट नसल्याने प्रवासी खाली पाटावर बसलेली' एवढं लिहिलं.

"अहो, सीट असती तर त्या सीटवर असत्या," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि बाजूच्या टेबलांवरचे लोक बघत होते. "पत्रा कुठपर्यंत आला तो जाऊन बघा. त्या सीटवर असत्या तर आज इथे तुमच्यासमोर बसल्या नसत्या. आणि सीटवर असत्या तर त्याच्या हातात काय होतं हे कुणी बघितलंही नसतं. तुम्हाला एकुलता एक साक्षीदार मिळालाय तो मी सीट काढली म्हणून, आणि तुम्ही तेच आमच्याविरुद्ध लिहिताय."

"बंपर असता तर पत्रा एवढा आत आला नसता," साहेब म्हणाला.

हे त्याचं तेव्हाही खरं होतं. आजही आहे. तेवढं एक सोडलं, तर बाकीच्यासाठी मी त्याला आजही माफ केलेलं नाही.

"टेम्पोचा नंबर आहे?" त्याने शेवटचं विचारलं.

"माका वाचूक खय येता," सासूबाई म्हणाल्या. "पण तोंड वळकीन मी तेचा. आणा तेका हंय."

साहेब हसला. वाईट नव्हता हसला, तरी हसला. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि उठल्या. जिना उतरताना एकदाही गुडघ्याचं नाव काढलं नाही.

क्लेम नामंजूर झाला. कुर्ल्याच्या गॅरेजवाल्याने गाडी भंगारात घेतली आणि म्हणाला, "सीट, बंपर हो तो लाओ, ताई. कुछ जादा दूँगा." मी म्हटलं नाही. बंपरवर लुगडं वाळतं आणि सीटवर आम्ही बसतो. शेवटचं बघायला गेले तेव्हा त्याने गाडीचे पुढचे डोळ्यांसारखे काचेचे दिवे काढून घेतलेले होते. मी तिथे रडले नाही. रिक्षात रडले, रिक्षावाल्याने आरसा वाकडा करून बघितलं, म्हणून त्याच्यावरही खेकसले.

दोन गुरुवार गेले. सासूबाई सकाळी आंघोळ करून तयार व्हायच्या आणि मग आठवलं की लुगडं बदलायच्या. ह्याचं मला सगळ्यात वाईट वाटायचं. त्या साहेबावरचा राग तेव्हा माझ्या तोंडाशी यायचा आणि मी तो भाकऱ्यांवर काढायचे. त्या दिवसांतल्या भाकऱ्या चांगल्या फुगायच्या.

हे दिवाळीच्या आधी आले. बॅग ठेवली, सीटवर ऐसपैस बसले, इकडेतिकडे बघितलं.

"गाडी कुठंय? खाली दिसली नाही."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "बसलंस ती."

मग सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले, मध्ये एकदा सीटची स्प्रिंग दाबून बघितली. मी वाट बघत होते की आता म्हणतील, तुझ्यामुळे. नाही म्हणाले. "लिटरमागे किती मिळत होते?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या बोटीवरच्या इंजिनीअरला पाठवू का तुझ्याकडे?" आणि आंघोळीला गेले. पाठ केलेली माझी भाषणं तशीच राहिली.

मी स्वयंपाकघरात आले. उकललेल्या पाटाला खालून पट्टी ठोकून घेतली होती, त्यावर बसून सासूबाई नारळ खवत होत्या. मग खवणं थांबवलं, पाठीला हात लावला आणि मला म्हणाल्या:

"फुडची गाडी घेशीत तेव्हा सीट काढ, माजा काय म्हणणा नाय. पण पाट नको गो, चौरंग ठेव. पाटार बसान कंबर धरता."